परदेशी कंपनी 51 टक्के मागते तेव्हा

चाकण, सातपूर, वाळूज किंवा शिरोली, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत पंचवीस-तीस वर्षं नीट चाललेला कारखाना असेल, तर मालकाला कधी ना कधी हा फोन आलेला असतो. आधी एखादा ओळखीचा सीए किंवा मर्चंट बँकर (कंपन्यांचे सौदे जुळवणारा) 'सहज' चौकशी करतो. मग एक जर्मन किंवा जपानी कंपनी भारतात भागीदार शोधते आहे असं कळतं. तिघे-चौघे पाहुणे येतात, कारखाना फिरतात, चहा पितात आणि पंधरा दिवसांनी दोन पानी पत्र पाठवतात: आम्हाला 51 टक्के हवेत.

त्या पत्रानंतर काय करायचं, ते इथे लिहितो आहे. डोळ्यासमोर दोन माणसं आहेत. घरच्या कंपनीत नुकताच संचालक झालेला मुलगा किंवा मुलगी, आणि आयुष्यभर ताळेबंद सांभाळलेला पण असला व्यवहार कधी न पाहिलेला फायनान्स मॅनेजर. मी या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलो आहे. विकणाऱ्यांच्या बाजूला जास्त वेळा, आणि चुकाही तिथेच जास्त केल्या.

माझं मत आधीच सांगून टाकतो. भागीदारी म्हणजे बहुतेक वेळा हप्त्यांनी केलेली विक्री असते. शेवटचा हप्ता कोण कुणाला देणार, एवढंच सुरुवातीला ठाऊक नसतं.

पायरी 1: आधी आपल्याच शहराचा इतिहास वाचा

पुणेकराला हा विषय शिकायला लांब जायला नको. किर्लोस्कर कमिन्स 1962 साली डिझेल इंजिनं बनवायला सुरू झाली. पस्तीस वर्षं दोन्ही नावं एका पाटीवर होती. 1997 मध्ये कमिन्सने किर्लोस्करांचा हिस्सा घेतला आणि कंपनी कमिन्स इंडिया झाली.

कायनेटिक आणि होंडा 1984 मध्ये एकत्र आल्या. बटण दाबून चालू होणारी, गिअर नसलेली ती स्कूटर ज्यांच्या घरी होती त्यांना तिचं कौतुक वेगळं सांगायला नको. 1998 मध्ये होंडाने आपला हिस्सा कायनेटिकला विकला. 1999 मध्ये होंडाने भारतात पूर्ण स्वतःच्या मालकीची कंपनी काढली, 2001 मध्ये ॲक्टिवा आली. कायनेटिकचा दुचाकी व्यवसाय 2008 मध्ये महिंद्रकडे गेला. हीरो होंडाही 1984 चीच. डिसेंबर 2010 मध्ये फारकत ठरली, होंडाचे 26 टक्के मुंजाल कुटुंबाने घेतले आणि तिथे मात्र इथली बाजू भक्कम उभी राहिली.

अगदी ताजं उदाहरणही पुण्याचंच आहे. बजाज आणि अलियान्झ 2001 पासून विम्यात एकत्र होते, 74 आणि 26 टक्के. मार्च 2025 मध्ये बजाज समूहाने अलियान्झचा हिस्सा सुमारे 24,180 कोटींना घ्यायचं जाहीर केलं. त्याच वर्षी जुलैमध्ये अलियान्झने जिओ फायनान्शियलबरोबर पुनर्विम्यासाठी नवी भागीदारी जाहीर केली.

या चारही ठिकाणी शेवटी एकाने दुसऱ्याचा हिस्सा घेतलाच. कुणाचं वाईट झालं, कुणाचं चांगलं, पण 'कायमचं एकत्र' कुठेही टिकलं नाही. मला याला लग्नाची उपमा देणं पटत नाही. सामाईक विहीर ही उपमा जास्त जवळची आहे. पाणी भरपूर आहे तोवर पाळ्या कुणाला आठवत नाहीत. उन्हाळा आला की कागद शोधायला लागतात.

एक जुना नियमही माहीत असू द्या. केंद्र सरकारच्या 1998 च्या प्रेस नोट 18 प्रमाणे, भारतात आधीच भागीदारी असलेल्या परदेशी कंपनीला त्याच क्षेत्रात दुसरं दुकान थाटायचं तर अडचण होती. जुन्या भागीदाराची संमती हा मोठा हुकमी पत्ता होता. 2005 मध्ये ती अट सैल झाली, एप्रिल 2011 मध्ये पूर्ण गेली. त्यामुळे तुमचा भागीदार उद्या तळेगावात स्वतःचा वेगळा प्रकल्प टाकणार नाही याची हमी सरकार देत नाही. ती करारात तुम्हालाच लिहून घ्यावी लागते.

पायरी 2: घरात बसून ठरवा, बाहेर नंतर बोला

काका-पुतण्याचा एक संवाद माझ्यासमोर झालेला आहे.

"काका, ते 51 मागतायत."

"दे म्हणत नाही, देऊ नको म्हणत नाही. 49 ठेवून आपण करणार काय, ते सांग."

पुतण्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडेही नव्हतं. मी तोवर फक्त किंमत नफ्याच्या किती पट मिळते ते मोजत बसलो होतो.

घरच्या बैठकीत पैशाआधी हे बोलून घ्या. पुढच्या पिढीतल्या कुणाला हा धंदा मनापासून करायचाय का? ('हो, बघू' म्हणजे नाही.) नवं तंत्रज्ञान नसेल तर पाच वर्षांत गिऱ्हाईक टिकेल का? बँकेला दिलेल्या वैयक्तिक हमीखाली किती जण आहेत? आणि पैसा हवाय कुठे, कंपनीत की घरात? शेवटच्या प्रश्नाचा घोळ फार होतो. कंपनीने नवे शेअर दिले तर पैसे कंपनीत येतात, त्यातून मशिन येतात, घरी काही येत नाही. आपले जुने शेअर विकले तर पैसे घरी येतात, कंपनीला दमडी मिळत नाही. पत्रात नुसतं 'गुंतवणूक' लिहिलेलं असतं आणि प्रत्येक जण आपापल्या सोयीचा अर्थ लावतो.

वारसाच्या बाबतीत घाई नको. नोव्हेंबर 2022 मध्ये बिसलेरी टाटांना विकायची बोलणी चालू असल्याचं जगजाहीर झालं होतं. मार्च 2023 मध्ये टाटा कन्झ्युमरने बोलणी थांबल्याचं सांगितलं, आणि कारभार कन्या जयंती चौहान यांच्याकडे आला. त्यात घेणारा देशी होता, पण घरातली गोष्ट सगळीकडे सारखीच. त्याच चौहान घराण्याने 1993 मध्ये थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट कोका-कोलाला विकले. तेव्हा सुमारे 6 कोटी डॉलर असा आकडा छापून आला होता. 2021 मध्ये एकट्या थम्स अपने वर्षाला 100 कोटी डॉलर विक्रीचा टप्पा ओलांडल्याचं कोका-कोलाने सांगितलं. यावरून 'स्वस्तात घालवलं' म्हणणारे पुष्कळ. मला तसं वाटत नाही. समोर कोक आणि पेप्सी दोघे खिसा सैल सोडून उतरलेले असताना एकट्याने लढून काय उरलं असतं, हे आज घरात बसून सांगणं सोपं आहे.

पायरी 3: घर आवरून ठेवा

हे काम पाहुणे यायच्या आधी सहा महिने ते वर्षभर सुरू व्हायला हवं. सहसा होत नाही.

शेअर कुणाच्या नावावर आहेत ते बघा. आजोबांच्या नावावरचे 400 शेअर अजून तसेच, एका आत्याकडे 6 टक्के आणि आत्या अमेरिकेत, एक सर्टिफिकेट सापडत नाही, हे प्रत्येक घरात असतं. छोट्या कंपन्या वगळता खासगी कंपन्यांनाही आता शेअर डिमॅट करावे लागतात, त्यासाठी दिलेली मुदतवाढ 30 जून 2025 ला संपली. हे झालं नसेल तर हस्तांतर अडतं.

मग जमीन. एमआयडीसीचा भूखंड आपल्या मालकीचा नसतो, 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो. मालकी बदलताना, किंवा कंपनीतलं भागभांडवल मोठ्या प्रमाणात बदलताना, एमआयडीसीची परवानगी आणि शुल्क किती लागेल हे आधी लेखी विचारून ठेवा. ती रक्कम किमतीतून कोण सोसणार, हा वाद शेवटच्या आठवड्यात होऊ देऊ नका. भूखंड वडिलांच्या नावावर आणि कंपनी भाडेकरू, असंही खूपदा असतं. तसं असेल तर जमीन वेगळी ठेवून पाहुण्याला पंधरा वर्षांचं भाडं लावणं, हा मला नेहमीच चांगला पर्याय वाटतो. कंपनी गेली तरी दरमहा भाडं येतं.

बाकीची यादी पटकन: प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र आजच्या उत्पादनक्षमतेचं आहे की दहा वर्षांपूर्वीच्या? कंत्राटी कामगारांचा पीएफ खरोखर भरला जातो का? डाय आणि फिक्श्चर (साचे आणि पार्ट धरून ठेवायच्या पकडी) कुणाच्या मालकीचे, आपल्या की गिऱ्हाइकाच्या? आणि मोठ्या गिऱ्हाइकाच्या करारात 'मालकी बदलली तर आम्ही ऑर्डर थांबवू शकतो' असं कलम आहे का? ते असेल तर तुमची निम्मी किंमत त्या गिऱ्हाइकाच्या खिशात आहे.

पायरी 4: पाहुणे कुठे बघतात

एका प्रेस शॉपमध्ये आम्ही तीन दिवस रंगरंगोटी केली होती. कॉन्फरन्स रूममध्ये साठ स्लाइड तयार. जपानी पाहुण्यांतले वयस्क गृहस्थ स्लाइडच्या दहाव्या पानावर उठले आणि शॉप फ्लोअरवर गेले. तिथे सरळ रिजेक्शनच्या, म्हणजे नापास मालाच्या लाल डब्यापाशी उभे राहिले. डब्यातले पार्ट एकेक उचलून बघितले, बर, म्हणजे कडेला राहिलेली धातूची धार, कुठे आहे ते अंगठ्याने चाचपलं, मग भिंतीवरचा त्या दिवसाचा रिजेक्शनचा आकडा वाचला. डब्यात भिंतीवरच्यापेक्षा जास्त पार्ट होते. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी एकच विचारलं, की हा फळा कोण लिहितो.

त्या प्रश्नाची किंमत आम्हाला पुढे मोजावी लागली. आमचा कुठलाच आकडा त्यांनी मग तपासल्याशिवाय घेतला नाही.

तेव्हा रंग देऊ नका. फळा खरा लिहा.

पायरी 5: किंमत, म्हणजे हातात काय पडणार

पत्रात 'आठ पट' लिहिलेलं असतं. कसली आठ पट? व्याज, कर, घसारा धरण्याआधीच्या नफ्याची, ज्याला सगळे एबिटा म्हणतात. एक उदाहरण करून बघू, आकडे समजण्यापुरते आहेत.

तुमच्या ताळेबंदाप्रमाणे एबिटा 12 कोटी. आठ पट म्हणजे 96 कोटी. घरी पेढे वाटले जातात.

आता पाहुण्याचा सीए बसतो. वडील आणि काका मिळून वर्षाला 60 लाख पगार घेतात; त्यांच्या जागी बाहेरची माणसं ठेवली तर दीड कोटी लागतील. 90 लाख वजा. वडिलांच्या भूखंडाचं भाडं बाजारापेक्षा 1 कोटी 10 लाखांनी कमी आहे. तेही वजा. मागच्या वर्षी पाण्याने नुकसान झालं, तो 50 लाखांचा खर्च पुन्हा होणार नाही. तो अधिक. एबिटा झाला साडेदहा कोटी, आठ पट 84 कोटी.

त्यातून कर्ज जातं. मुदत कर्ज आणि सीसी (बँकेचं कॅश क्रेडिट) मिळून 19 कोटी. ग्रॅच्युइटीची तरतूद केलेली नाही, अडीच कोटी. बँकेत शिल्लक दीड कोटी, ती अधिक. उरले 64. शेवटी खेळतं भांडवल: वर्षभर सरासरी 14 कोटी अडकलेले असतात असं ठरलं, पण व्यवहाराच्या दिवशी 12 निघाले, कारण आपणच उधारी वसूल करून घेतली होती. दोन कोटी वजा.

96 चे 62 झाले, आणि कुणीही लबाडी केलेली नाही. 51 टक्के विकले तर त्यातले साडेएकतीस कोटींच्या आसपास, मग कर. सूचीबद्ध नसलेले शेअर 24 महिन्यांपेक्षा जास्त काळ धरलेले असतील तर जुलै 2024 पासून दीर्घकालीन भांडवली नफ्यावर 12.5 टक्के, वर अधिभार आणि सेस, आणि महागाईचा जुना फायदा नाही.

यावर उपाय एकच: हा हिशेब आपणच आधी करायचा, पाहुण्याच्या नजरेने. भाडं आणि पगार बाजारभावाला आणायचं काम दोन वर्षं आधी केलं तर निदान धक्का बसत नाही.

शेअर विकायचे की धंदा विकायचा, हाही प्रश्न इथेच येतो. 2010 मध्ये पिरामलने आपला देशांतर्गत औषधांचा व्यवसाय ॲबटला 372 कोटी डॉलरना दिला. 212 कोटी लगेच, उरलेले दरवर्षी 40 कोटी असे चार वर्षं. तो धंदा विकला होता, कंपनी राहिली, आणि त्या पैशातून पुढे नवे व्यवसाय उभे राहिले. लहान कंपनीत मात्र धंदा विकला की पैसा कंपनीत येतो, तिथे एकदा कर, आणि घरी लाभांश म्हणून आणताना दुसऱ्यांदा. कुठला रस्ता परवडतो ते सीएला बसवून दोन्ही कागदांवर मांडून बघा.

पायरी 6: 51, 49, 26 आणि रॉयल्टी

निम्म्याहून जास्त मतं असली की साधे ठराव होतात. विशेष ठरावाला तीन चतुर्थांश मतं लागतात, म्हणून 26 टक्केवाला मोठ्या गोष्टी अडवू शकतो. पण अडवता येणं वेगळं आणि मिळवता येणं वेगळं. 26 किंवा 49 टक्केवाल्याला लाभांश ठरवता येत नाही, बाजारात शेअर विकता येत नाहीत, आणि बाहेरचा कुणी ते घ्यायला धजत नाही. कागदावर कोट्यधीश, हातात काही नाही.

खरी मेख मात्र टक्क्यांत नसते, रॉयल्टीत असते, म्हणजे तंत्रज्ञान आणि नाव वापरण्याच्या मोबदल्यात. समजा कंपनीची विक्री 100 कोटी, करापूर्वीचा नफा 10 कोटी. तुमचे 49 टक्के, म्हणजे 4 कोटी 90 लाखांवर तुमचा हक्क. आता परदेशी भागीदाराला विक्रीवर 4 टक्के रॉयल्टी ठरली. नफा उरला 6 कोटी, तुमचा वाटा 2 कोटी 94 लाख. त्याचा वाटा 3 कोटी 6 लाख, अधिक 4 कोटी रॉयल्टी, म्हणजे 7 कोटी 6 लाख. भागभांडवल जवळजवळ निम्मं निम्मं, घरी जाणारा पैसा जवळजवळ अडीच पटीने वेगळा. शिवाय तो सुटे भाग त्याच्याच दुसऱ्या कंपनीकडून घ्यायला लावणार, त्यातही नफा तिकडेच. निर्यातीची ऑर्डर त्याच्या विक्री कंपनीमार्फत जाणार, तिथेही एक कात्री.

पूर्वी ऑटोमॅटिक मार्गाने, म्हणजे आधी सरकारी परवानगी न घेता, देशांतर्गत विक्रीवर 5 आणि निर्यातीवर 8 टक्के अशी रॉयल्टीची मर्यादा होती. डिसेंबर 2009 मध्ये ती गेली. आता जे काही आहे ते तुमच्या करारात. मी तीन गोष्टींवर अडून बसतो: रॉयल्टी आयात भाग वगळून उरलेल्या विक्रीवर मोजायची, दर पाच वर्षांनी कमी व्हायची, आणि संबंधित कंपन्यांशी होणारा कुठलाही व्यवहार आमच्या संचालकाच्या होकाराशिवाय नाही. तिसरी गोष्ट मिळाली नाही तर मी मालकांना सरळ सांगतो, पूर्ण विका आणि मोकळे व्हा.

पायरी 7: टर्म शीटवर सही करण्याआधी

टर्म शीट, म्हणजे मुख्य अटींचा सुरुवातीचा कागद, 'बंधनकारक नाही' असं म्हणतात. दोन कलमं बंधनकारक असतातच: गुप्तता आणि एक्सक्लुझिव्हिटी, म्हणजे इतक्या दिवसांत दुसऱ्या कुणाशी बोलायचं नाही. पाहुणा सहा महिने मागेल. साठ दिवस द्या, फार तर नव्वद. आम्ही एकदा सहा महिने दिले आणि पाचव्या महिन्यात किंमत पंधरा टक्के उतरली. तोवर दुसरा इच्छुक निघून गेला होता, आणि समोरच्याला ते ठाऊक होतं.

गुप्ततेच्या करारात आणखी एक ओळ घाला: व्यवहार मोडला तर दोन वर्षं आमची माणसं फोडायची नाहीत. स्पर्धक म्हणून येणारे पाहुणे कधी कधी कंपनीसाठी येत नाहीत, टूलरूमच्या माणसासाठी येतात. गिऱ्हाइकनिहाय दर आणि ड्रॉइंग डेटा रूममध्ये, म्हणजे पाहुण्याला दाखवायच्या कागदांच्या साठ्यात, अगदी शेवटी टाका, नावं झाकून.

पायरी 8: रिझर्व्ह बँकेचे नियम

उत्पादन क्षेत्रात 100 टक्के परदेशी गुंतवणूक ऑटोमॅटिक मार्गाने येते, आधी परवानगी लागत नाही. पण पाहुण्याचा खरा मालक कोण, हे पहिल्याच भेटीत विचारा. भारताला जमिनीच्या सीमेने लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या पैशावर एप्रिल 2020 मध्ये सरकारी परवानगीची अट आली, आणि युरोपीय नावाच्या कंपनीमागेही तसा मालक असू शकतो. सही करायच्या आठवड्यात नियम काय आहे ते पुन्हा तपासून घ्या.

फेमाचा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याचा, मूल्यांकनाचा नियम विकणाऱ्याच्या फायद्याचा आहे. परदेशी माणसाला शेअर देताना किंमत वाजवी मूल्यापेक्षा कमी चालत नाही, आणि ते मूल्य सीए किंवा सेबी नोंदणीकृत मर्चंट बँकरने प्रमाणित केलेलं लागतं. उलट दिशेने, तुम्ही त्याच्याकडून परत घेताना, त्या मूल्यापेक्षा जास्त देता येत नाही.

परदेशी पाहुण्यांना 'काही रक्कम आता, उरलेली तीन वर्षांच्या कामगिरीवर' हे फार आवडतं. इथे त्यांचं घोडं अडतं. शेअर हस्तांतरात जास्तीत जास्त 25 टक्के रक्कमच मागे ठेवता येते, तीही करारापासून 18 महिन्यांच्या आत द्यावी लागते. म्हणून मग आज 51 टक्के, उरलेले नंतर, असे टप्पे करतात. तसं असेल तर दुसऱ्या टप्प्याची किंमत कशी मोजायची हे सूत्र आजच लिहून घ्या. तोवर कंपनी त्यांच्या ताब्यात असते आणि नफा किती दाखवायचा हेही त्यांच्याच हातात.

उलट बाजूचा धडा टाटा-डोकोमोचा आहे. जपानच्या डोकोमोने 2009 मध्ये टाटांच्या मोबाइल कंपनीत 26 टक्के घेतले, वाईट झालं तर निदान निम्मी किंमत परत मिळेल या अटीवर. वाईट झालं. ठरलेल्या किमतीला पैसे परत पाठवायला रिझर्व्ह बँकेने हरकत घेतली. लंडनच्या लवादाने 2016 मध्ये सुमारे 117 कोटी डॉलरचा निवाडा दिला आणि एप्रिल 2017 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो मान्य केल्यावर प्रकरण मिटलं. म्हणजे, 'आम्हाला अमुक किमतीला परत घ्यायची हमी द्या' असं कुणी म्हणालं तर ते नियमात बसत नाही, पण सही केलीत तर दहा वर्षं डोक्यावर राहतं.

अर्ज दोन लक्षात ठेवा: नवे शेअर दिले तर वाटपापासून 30 दिवसांत एफसी-जीपीआर, जुने विकले तर 60 दिवसांत एफसी-टीआरएस. उशीर झाला की दंड. हे काम फायनान्स मॅनेजरच्याच गळ्यात पडतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

पायरी 9: जे आहे ते सांगा

ड्यू डिलिजन्समध्ये, म्हणजे पाहुणा कंपनीची कसून तपासणी करतो तेव्हा, प्रश्नांची यादी तीनशेवर जाते. झोप उडते. तरी लपवू नका. रॅनबॅक्सी 2008 मध्ये जपानच्या दाइची सांक्योने घेतली, सुमारे 460 कोटी डॉलरचा व्यवहार. 2013 मध्ये रॅनबॅक्सीने अमेरिकेत गुन्हा कबूल करून 50 कोटी डॉलर भरले. दाइचीचं म्हणणं, विकताना माहिती दडवली. 2016 मध्ये सिंगापूरच्या लवादाने जुन्या प्रवर्तकांनी अडीच हजार कोटींहून जास्त रक्कम द्यावी असा निवाडा दिला. विकून मिळालेले पैसे आठ वर्षांनीही पूर्ण आपले झालेले नसतात.

सांगितलेली अडचण फार तर किमतीतून वजा होते. दडवलेली अडचण व्याजासकट परत येते. म्हणून 'डिस्क्लोजर लेटर', म्हणजे सगळ्या अडचणी सांगणारं पत्र, स्वतः बसून लिहा, वकिलावर सोडू नका. जीएसटीची नोटीस, बाद झालेला बॉयलर, शेजाऱ्याशी भिंतीचा वाद, सगळं त्यात टाका. नुकसानभरपाईची कमाल मर्यादा आणि मुदत मात्र वकिलाकडून आकड्यांत बांधून घ्या.

पायरी 10: बाहेर पडायचं कलम आधी लिहा

भागीदारीचा करार मागून पुढे वाचावा, असं मी नव्या माणसांना सांगतो. शेवटची पानं आधी. तुम्ही 49 टक्के ठेवून थांबणार असाल तर तुमचे शेअर त्यांनी घ्यावेत असं कधी म्हणू शकता, किंमत कोण ठरवणार, त्यांनी विकले तर त्याच भावात तुमचेही विकले जाणार का, ते तुम्हाला जबरदस्तीने बाहेर काढू शकतात का. मतभेद मिटलेच नाहीत तर एक पद्धत अशी असते: एकाने भाव सांगायचा, घ्यायचं की विकायचं ते दुसऱ्याने ठरवायचं. ऐकायला न्यायाची वाटते. पण भाव सांगणाऱ्याची तिजोरी तुमच्या शंभरपट असेल तर त्यात तुम्ही नेहमी विकणारेच. लहान भागीदाराने ही पद्धत घेऊ नये.

लवाद सिंगापूरला असेल तर खर्चाचा अंदाज आधी विचारा. पाच कोटींच्या भांडणासाठी तिथे जाणं परवडत नाही. लहान रकमांसाठी मुंबईतला लवाद मागा. आग्रह धरला तर मिळतो.

पायरी 11: सहीचा दिवस आणि गेटवरची पाटी

त्या दिवशी टेबलावर चाळीसएक कागद असतात. त्यातला एकच कागद मी स्वतः हातात घेऊन वाचतो: बँकेचं वैयक्तिक हमी मोकळी केल्याचं पत्र. 'नंतर देतो' यावर विश्वास ठेवून सही केलेल्या एका गृहस्थांच्या राहत्या घरावर, कंपनी विकल्यानंतर दोन वर्षं, त्याच कंपनीच्या कर्जाचा बोजा होता.

कामगारांना बातमी गेटवर कळायच्या आधी आपण सांगा, आणि सकाळच्या पाळीला सांगा, म्हणजे दिवसभर प्रश्न विचारता येतात. शेअर विकले तरी नोकरी देणारी कंपनी तीच राहते, नोकरीची वर्षं तुटत नाहीत. हे साध्या मराठीत फलकावर लावा.

राहिलं नाव. आपल्याकडे निम्म्या कारखान्यांना आडनाव दिलेलं असतं. ते नाव पाहुण्याने किती वर्षं वापरायचं, कुठल्या देशांत, आणि नंतर कुणाचं, हे लिहा. ब्रिटानियाच्या 'टायगर' बिस्किटाचं नाव तिथल्या फ्रेंच भागीदार डॅनोनने परदेशात स्वतःकडे नोंदवलं यावरून दुसरे भागीदार वाडिया यांच्याशी झालेला वाद 2009 मध्ये मिटला, तोही डॅनोन ब्रिटानियातून बाहेर पडताना. लहान माणसाचं दुखणं वेगळं असतं. नोकरीच्या करारात 'पुन्हा हा धंदा करणार नाही' हे कलम नोकरी सोडल्यावर आपल्या कायद्यात टिकत नाही, पण गुडविल, म्हणजे धंद्याचं नाव आणि पत, विकताना घातलं तर टिकतं. आमच्या एका व्यवहारात ते पाच वर्षांचं होतं, आणि त्याला जोडून नाव वापरायची बंदी. वाचताना कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. वर्षभराने, कंपनी विकलेल्या काकांनी भोसरीत चार लेथ टाकून जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप काढलं, दारावर आडनावाची पाटी लावली. तिसऱ्या आठवड्यात वकिलाची नोटीस आली. पाटी उतरवून त्यांनी तिथे नातीचं नाव लावलं.